चौथ्या दाराची कडी

शाळेत कुणी पाहुणे आले की मोठे सर त्यांना आधी प्रयोगशाळा दाखवत, मग वाचनालय, आणि जिना उतरता उतरता अगदी आत्ताच आठवल्यासारखं म्हणत, "चला, आमचं मुलींचं बाथरूमही बघून घ्या."

पाहुणे गडबडून जात. एकदा तर एका गृहस्थांनी "नको नको, मला लागलेली नाही," असं सांगून टाकलं होतं. सर हसत, कुणी आत नाही ना याची खात्री करून घेत आणि दार ढकलत. पाहुणे नाकाशी हात नेऊन आत डोकावत आणि नेलेला हात तसाच खाली घेत. वासच नसे. फिनेलचासुद्धा नसे.

"फिनेलचा वास येतोय म्हणजे त्याच्याखाली काहीतरी दडवलंय," असं मावशीचं ठाम मत होतं. मुलांच्या बाजूची सफाई शिपायाकडे होती आणि तो फिनेल ओतायचा तो अगदी सढळ हाताने. मावशी त्याला म्हणायची, "भाऊ, तुझ्या बाजूने गेलं की दवाखान्यात आल्यासारखं वाटतं. आणि पेशंटही जगेल असं वाटत नाही."

एकोणीस वर्षं मावशी त्या शाळेत मुलींच्या बाजूला होती. चार दारं, तीन बेसिनं, एक लांबुळकी खिडकी. मुली येत, वाढत, जात. लग्न झालेल्या, नोकरीला लागलेल्या कधीमधी भेटायला येत आणि बाईंना भेटायच्या आधी हिला भेटत. तिची कामाची एक रीत होती. सकाळी सात वाजता खिडकी सताड उघडायची, मग पाणी, मग ब्रश, मग कोरडं फडकं. आणि दर सोमवारी चारही दारांच्या कड्यांना शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-दोन थेंब. ही कल्पना तिची स्वतःची. शाळेत येण्याआधी ती सहा वर्षं कपड्यांच्या कारखान्यात शर्टाच्या कॉलर शिवत होती. तिथून ती दोनच गोष्टी घेऊन आली. एक ही तेलाची सवय आणि दुसरी, जिच्याबद्दल ती कुणाशी बोलत नसे.

त्या वर्षी सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि तिसऱ्याच आठवड्यात, एका गुरुवारी, सकाळी सकाळी शिपाई बोंब ठोकत ऑफिसात शिरला. मुलांच्या बाजूचं बेसिन फोडलं होतं, दोन नळ मुळापासून उखडले होते, पाणी खालच्या मजल्यावरच्या नकाशांच्या कपाटात शिरलं होतं. सर पाय आपटत वर आले. मुलांची बाजू बघून झाली, तशी मुलींची बाजू बघायला गेले. तिथे चारही दारांच्या कड्या गायब.

दुपारी मावशीला ऑफिसात बोलावणं आलं. टेबलावर एक पितळी कुलूप होतं, त्याची किल्ली होती आणि वहीएवढी एक लाकडी फळी होती. फळीला वर दोन भोकं, त्यांतून ओवलेली सुतळी, आणि मधोमध लाल रंगात लिहिलेलं, 'परवानगी'.

"हे काय, सर?"

"फळी."

"ते दिसतंय मला."

दाराशी उभा असलेला शिपाई खोकला. सरांनी चष्मा काढून ठेवला. ते रागीट नव्हते. पण त्या दिवशी नकाशे भिजले होते, आणि नकाशे त्यांनी स्वतः गोळा केलेले होते.

"उद्यापासून दोन्ही बाथरूमं फक्त मधल्या सुट्टीत उघडायची. वीस मिनिटं. बाकीच्या वेळात कुणाला अगदीच राहवत नसेल तर वर्गशिक्षकांकडून ही फळी घ्यायची, गळ्यात घालायची आणि यायचं. मजल्याला एकच फळी. तुम्ही दाराशी खुर्ची टाकून बसा आणि वहीत नाव लिहा. कोण गेलं, किती वाजता गेलं, किती वाजता आलं."

"मुलींनीपण?"

"कड्या कुणाच्या बाजूच्या गेल्या, मावशी?"

मावशीने फळी उचलली. हलकीच होती, पण मानेवर सुतळीचं ओझं कसं येतं ते तिला ठाऊक होतं.

कारखान्यात चाळीस मशीनची एक रांग असायची आणि रांगेला पत्र्याचा एक बिल्ला. बिल्ला मास्तरच्या टेबलावर खिळ्याला टांगलेला. जिला जायचं तिने उठायचं, सगळ्यांच्या देखत टेबलाशी जायचं, बिल्ला गळ्यात घालायचा. मास्तर घड्याळाकडे बघणार. परत आली की पुन्हा बघणार. "काय गं, आत कॉलर शिवत होतीस काय?" असं मोठ्याने विचारणार, आणि रांग मान खाली घालून मशीन चालवत राहणार. बायकांनी यावर एकच उपाय काढला होता. पाणी पिणंच बंद करायचं. मावशीही सकाळी घोटभर पिऊन निघायची ती संध्याकाळी घरी येऊन तांब्याला तोंड लावायची. चौथ्या वर्षी तिला लघवीच्या जागी अशी आग सुरू झाली की पाच दिवस दवाखान्यात पडून राहावं लागलं. परत गेली, आणि पुन्हा बिल्ला गळ्यात घातला. सहा वर्षांत मास्तरला ती एका शब्दाने बोलली नाही. जी दुसरी गोष्ट ती कारखान्यातून घेऊन आली होती ती हीच. ते न बोललेलं.

त्या दिवशी सरांपुढेही ती बोलली नाही. किल्ली कनवटीला लावून निघाली.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. सोमवारी मधल्या सुट्टीत दारापासून जिन्यापर्यंत रांग. रांगेत पुढे उभी होती ती नववीतली, शाळेच्या संघाची गोलकीपर. ताडमाड वाढलेली, बोलायला तिखट.

"मावशी, आम्ही दोनशे दहा जणी. दारं चार. मिनिटं वीस. एकीला किती सेकंद येतात सांगू?"

"सांग बाई, तू हुशार."

"तेवीससुद्धा पूर्ण येत नाहीत. तेवढ्यात माझ्या नाडीची गाठसुद्धा सुटत नाही."

"मग गाठ सैल मार."

"मग गोल अडवताना धरू काय, बॉल की सलवार?"

रांग फिदीफिदी हसली. मावशीलाही हसू आवरेना. पण घंटा झाली तेव्हा रांगेत अजून साठ-सत्तर मुली उरल्या होत्या आणि त्या काही न बोलता वळून गेल्या. तिला ती वळलेली डोकी ओळखीची वाटली. मशीनवर वाकलेली डोकी अशीच दिसायची.

चौथ्या तासाला एक सातवीतली बारकी पोर गळ्यात फळी घालून आली. फळी तिच्या पोटापर्यंत लोंबत होती. मावशीने नाव न लिहिताच कुलूप काढलं. पोर आत गेली. पहिल्या तीन दारांवर मावशीने नुकतंच पाणी मारलं होतं, ओलं होतं, म्हणून ती म्हणाली, "चौथ्यात जा गं, कोरडं आहे."

पोर जागची हलेना. पाय जुळवून उभी, डोळ्यांत पाणी.

"चौथ्यात नाही जाणार मी."

"का गं? तिथे काय वाघ बसलाय?"

पोर रडायलाच लागली. मावशीने तिला पहिल्या दारात पाठवलं, स्वतः बाहेर पाठ करून दार हाताने धरून उभी राहिली आणि मग फळी स्वतःकडे ठेवून तिला वर्गात सोडून आली. येता येता एक गोष्ट तिच्या मनात आली. गुरुवारी तिला साबणाच्या ताटलीत सोळा स्क्रू सापडले होते, चार-चारच्या चार ओळी. नासधूस करणारं पोर स्क्रू ओळीने मांडून ठेवत नाही. नासधूस करणारं पोर स्क्रू काढतच नाही, लाथ घालतं.

शाळा सुटल्यावर तिने मैदानावरून गोलकीपरला हाक मारली.

"कड्या तू काढल्यास."

"मी?"

"तू. तुझ्याएवढा शांत हात दुसऱ्या कुणाचा नाही. कशाने काढल्यास?"

गोलकीपरने आधी तिच्या डोळ्यांकडे बघितलं, मग इकडेतिकडे. "स्टीलच्या पट्टीने. टोक बरोबर बसतं स्क्रूत." तिने दप्तर उघडलं, तळाशी हात घालून एक मोजा काढला. मोज्यात चार कड्या होत्या. "मावशी, ती बारकी बुधवारी चौथ्यात अडकली. जोर करून कशीबशी लावली, पण उघडताना कडी सरकेचना. अख्खा तास आत होती. ओरडलीसुद्धा नाही. मी गेले तेव्हा आतून नुसता कडीचा खुडखुड आवाज येत होता. दार उचलून, हिसकून काढलं तिला. मग म्हटलं, एक अडकते तर बाकीच्या कधी अडकतील काय सांगावं. सगळ्याच काढल्या. दाराशी मैत्रिणीने उभं राहायचं, असं ठरवलं आम्ही."

"आणि हे कुणाला सांगू नये असं कुणी ठरवलं?"

"तिनेच. उद्या सगळी शाळा तिला 'अडकली' म्हणून हाक मारेल. मारेल की नाही, सांगा?"

मारली असती. मावशीने मोज्यातून एकेक कडी काढून बोटाने सरकवली. पहिली सरकली. दुसरी, तिसरी. चौथीवर ऑइलपेंटचा जाड थर होता. दांडी आणि पट्टी रंगाने एकजीव झालेली. मावशीने नखाने तो रंग खरवडून बघितला.

सुट्टीत शाळेला रंग दिला होता. तेव्हा ती लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर होती. परत आली तर रंगाऱ्याने दारांबरोबर कड्याही रंगवून टाकलेल्या. तिने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पत्र्याची पट्टी घेऊन एक, दोन, तीन कड्या खरवडल्या, तेल घातलं; आणि चौथीला हात घालणार तोच शाळा भरल्याची घंटा झाली. उद्या करू म्हणाली. पुढच्या सोमवारी तेल टाकायला गेली ती वरून दोन थेंब टाकून आली. कडी सरकवून बघितली नाही. नातीचे फोटो फोनवर आले होते, ते बघत होती.

त्या संध्याकाळी घरी तिने ताट पुढे घेतलं आणि तसंच ठेवलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायच्या कामाला होता. शहरातल्या अर्ध्याअधिक इमारतींच्या लिफ्टा त्याच्या हाताखालून गेलेल्या. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"ओरडली नाही म्हणतेस ती?"

"नाही ना. अख्खा तास."

"बरोबर आहे. मी इतकी माणसं सोडवली. अडकलेला माणूस पहिल्यांदा ओरडत नाही, पहिल्यांदा लाजतो. एक वकीलसाहेब तर दीड तास आत उभे होते. दार उघडल्यावर मला म्हणतात, मी इथेच उतरणार होतो."

मावशी हसली नाही. "अहो, चूक माझी आहे. ती कडी माझी."

"मग?"

"मग सरांना सांगायला हवं. सांगितलं तर म्हणतील, एकोणीस वर्षं ज्या बाईचं कौतुक केलं तिला एक कडी बघता आली नाही. काढूनही टाकतील. नाही सांगितलं तर कुलूप राहतंय, फळी राहतेय, आणि पोरींचं नाव खराब होतंय."

नवऱ्याने तिच्या ताटाकडे बोट दाखवलं. "आधी जेव. उपाशी माणसाचा आवाज कापतो. सरांना वाटेल घाबरलीस."

"घाबरलेच आहे मी."

"ते तुला माहीत. त्यांना कशाला कळायला हवं?"

मंगळवारी सकाळी सर खुर्चीत बसायच्या आतच मावशी ऑफिसात उभी होती. तिने टेबलावर चार कड्या ओळीने ठेवल्या.

सर उठून उभेच राहिले. "कुठे सापडल्या? कोण होतं?"

"आधी ही सरकवून बघा."

"मावशी, मी विचारतोय कोण—"

"सांगते. आधी सरकवा."

सरांनी चौथी कडी हातात घेतली. अंगठ्याने ढकलली. मग दोन्ही अंगठ्यांनी. मग टेबलाच्या कडेला टेकवून जोर लावला. कपाळावर शीर उठली, कडी जागची हलली नाही.

"तुमच्याच्याने नाही सरकली," मावशी म्हणाली. "सातवीतल्या पोरीच्याने कशी सरकेल? एक मुलगी अख्खा तास आत कोंडून होती. दुसरी कुणी कोंडली जाऊ नये म्हणून मुलींनी कड्या काढल्या. स्क्रू मोडला नाही, लाकूड उचकटलं नाही. ही नासधूस नाही, सर. जे काम मी करायला हवं होतं ते पोरींनी केलं. रंग खरवडायचा मी विसरले. तीन केल्या, चौथी राहिली. शिक्षा करायची तर ती माझी."

सरांनी कडी टेबलावर ठेवली. "मुलींची नावं?"

"ती नाही सांगणार."

"मग मी विश्वास कशावर ठेवू?"

"कडीवर ठेवा. आणि एकोणीस वर्षांवर ठेवा, जमलं तर."

दारात शिपाई कान टवकारून उभा होता.

"बरं, आणि बेसिन?" सर म्हणाले. "तेही कुणी भलेपणाने फोडलं?"

"ते कुणी फोडलं मला माहीत नाही. तो दांडगाईचाच प्रकार आहे. शोधून काढा, त्याला माझ्याकडे महिनाभर ब्रश घेऊन पाठवा, सुतासारखा सरळ करते. पण त्या एकासाठी अख्ख्या शाळेची लघवी कशाला तुंबवता?" तिने पिशवीतून फळी काढून कड्यांशेजारी ठेवली, फळीवर किल्ली ठेवली. "ही मी कुणाच्या गळ्यात बघू शकत नाही. मी सहा वर्षं घातलीय. कारखान्यात. पाणी प्यायचं बंद केलं होतं आम्ही, सर. पाच दिवस दवाखान्यात होते. तेव्हा मास्तरला बोलले नाही. आज तुम्हाला बोलतेय. माझ्या बाथरूमला कुलूप नको. लावायचंच असेल तर दाराशी दुसरं कुणी बसवा, मी नाही बसणार."

हे बोलताना तिचा आवाज कापला नाही.

सरांनी चष्मा चढवला, काढला, पुन्हा चढवला. "आणि पुन्हा काही झालं तर?"

"तर मी स्वतः येऊन सांगेन. तुम्हाला शोधत यावं लागणार नाही."

"पंधरा दिवस," सर म्हणाले. "दोन्ही बाजू उघड्या. पंधरा दिवसांत काही घडलं तर पुन्हा कुलूप, आणि मग मी कुणाचं ऐकणार नाही."

त्या दुपारी मावशीने चौथी कडी दगडावर धरून पोलादी ब्रशने घासली, धातू उघडा पडेपर्यंत. चारही कड्या बसवल्या, तेल घातलं. मग सातवीतल्या बारकीला बोलावलं, चौथ्या दारात उभं केलं आणि स्वतः बाहेर थांबली.

"लाव कडी. आता काढ. लाव. काढ. अगं, भांडी घासल्यासारखं हळूहळू काय? ठसक्यात काढ!"

विसाव्या वेळी पोर आतून खुदखुदायला लागली.

दहा दिवस बरे गेले. अकराव्या दिवशी, तिसऱ्या तासाला, मावशी आत गेली आणि थबकली. दुसऱ्या दाराच्या आतल्या बाजूला काळ्या मार्करने चित्र काढलं होतं. पोट घागरीएवढं, डोक्यावर तीन केस, हातात भलीमोठी किल्ली. मोठे सर. न ओळखण्यासारखं काही नव्हतंच.

रंगाऱ्याचं थिनर तिच्याकडे बाटलीभर होतं. फडक्यावर घेऊन पुसलं असतं तर दोन मिनिटांचं काम. मुली वर्गात, शिपाई खाली. तिने बाटलीचं झाकण काढलंसुद्धा. मग ते पुन्हा घट्ट लावलं, बाटली खिडकीत ठेवली आणि ऑफिसात गेली.

सर आले. मागून शिपाई, हातात तेच पितळी कुलूप. सर चित्रापुढे हाताची घडी घालून उभे राहिले.

"तीनच केस?" शेवटी ते म्हणाले.

"पाच आहेत, सर," शिपाई घाईघाईने म्हणाला.

"तू गप रे." सर मावशीकडे वळले. "हे पुसून टाकता आलं असतं तुम्हाला. मला कळलंही नसतं."

"आलं असतं."

"आणखी चार दिवस काढायचे होते फक्त."

"पंधराव्या दिवशी तुम्ही विचारलं असतंत, काही झालं का म्हणून. मग मी कुठल्या तोंडाने नाही म्हटलं असतं?"

शिपायाने कुलूप पुढे केलं.

"लावू, सर?"

"कशाला? चित्र पळून जाईल म्हणून?" सर म्हणाले. "ठेव ते कपाटात." आणि मावशीला, जरा खालच्या आवाजात, "तुमची बाजू तुम्ही बघा. तुम्ही सांगाल तसं."

मधल्या सुट्टीत दाराशी मुली जमल्या तेव्हा मावशी मधोमध उभी राहिली. कंबरेवर हात.

"चित्र सरांनी बघितलंय. सरांना मीच दाखवलं. पोट जमलंय, नाक नाही जमलं. आता ज्या हाताने काढलंय त्या हाताने पुसायचं. थिनर आणि फडकं खिडकीत आहे. मी मैदानावर जातेय. कोण पुसतंय ते मला बघायचं नाही."

आणि ती खरंच गेली. गोलपोस्टच्या मागे, शाळेकडे पाठ करून, घंटा होईपर्यंत उभी राहिली.

परत आली तेव्हा दुसरं दार स्वच्छ होतं. फक्त किल्लीच्या दांड्याची एक पुसट रेघ राहिली होती. फडकं धुऊन, पिळून खिडकीच्या गजावर वाळत घातलेलं होतं. मावशीने ते उतरवलं, त्याच्या कोऱ्या कोपऱ्याने ती रेघ पुसली, आणि पाचव्या तासाची घंटा व्हायच्या आत दार सताड उघडं टाकून पुढच्या कामाला लागली.